डोक्यावर एकही केस नसताना विग सुखाने आणि पक्का कसा बसवावा

विकत मिळणाऱ्या अनेक विगांच्या अस्तराला कपाळाशी, कानशिलांजवळ आणि मानेशी लहान कंगव्यासारख्या क्लिपा शिवलेल्या असतात. केस विरळ झालेल्या माणसाने त्या आपल्या उरलेल्या केसांत अडकवाव्यात, अशी ती रचना असते. डोक्यावर एकही केस नसलेल्या माणसाला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. उलट त्यांचे दात उघड्या त्वचेत रुततात आणि दोन-तीन तासांत डोके ठणकू लागते. गंगावनाचेही तेच, कारण ते बांधायला खाली स्वतःचे चिमूटभर तरी केस लागतात. संपूर्ण केस गेलेल्यांनी विग निवडण्याची आणि बसवण्याची पद्धत त्यामुळे वेगळी आहे, आणि दुकानात ती कोणी समजावून सांगेलच असे नाही.

सगळे केस जाण्याची दोन कारणे आपल्याकडे जास्त आढळतात. पहिले कारण कर्करोगावरची केमोथेरपी. सगळ्याच औषधांनी केस जात नाहीत, पण ज्यांनी जातात त्यांत पहिल्या डोसनंतर साधारण २ ते ३ आठवड्यांत गळती सुरू होते आणि उपचार संपल्यावर बहुतेकांचे केस काही महिन्यांत परत येऊ लागतात. दुसरे कारण चाई. शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवरच उलटते आणि एरवी रुपयाएवढी दिसणारी चकती वाढत जाऊन काहींचे संपूर्ण डोके केसविरहित होते. वैद्यकीय भाषेत याला ॲलोपेशिया टोटॅलिस म्हणतात. भुवया, पापण्या आणि अंगावरचे केसही गेले तर तो ॲलोपेशिया युनिव्हर्सॅलिस. हा भेद इथे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. केमोथेरपीच्या रुग्णाला विग काही महिन्यांपुरता लागतो, पण त्या काळात त्याच्या डोक्याची त्वचा हळवी असते. चाईच्या रुग्णाची त्वचा सहसा धडधाकट असते, पण विग त्याला वर्षानुवर्षे, रोज आठ-दहा तास वापरायचा असतो. खर्च किती करावा आणि डोक्याला काही चिकटवावे की नाही, हे दोन्ही प्रश्न यावरून सुटतात.

विग सरकू लागला की बहुतेक जण आधी गोंद किंवा टेप शोधू लागतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी माप, मग अस्तर आणि डोके यांच्यामधली पकड, आणि चिकट पदार्थ अगदी शेवटी, तेही लागलेच तर. मापाचा विग आणि त्याखाली बांधायचा पकड देणारा चांगला पट्टा एवढ्यावर अनेकांचे रोजचे काम निभावते.

माप

शिंपी वापरतात ती मऊ टेप घ्यावी आणि माप दुसऱ्या कोणाकडून घ्यावे, कारण स्वतःच्या डोक्यामागे टेप तिरकी होते आणि ते आपल्याला दिसत नाही. मुख्य माप घेराचे: टेप कपाळावर जिथे केस सुरू होत असत तिथून निघून कानांच्या किंचित वरून मागे मानेवरच्या खळग्यापर्यंत आणि दुसऱ्या बाजूने परत पुढे आणावी. टेप त्वचेला टेकलेली असावी, पण आवळू नये. बाजारात बहुतेक विग ‘मध्यम’ या एकाच मापात येतात आणि ते अंदाजे ५४ ते ५७ सेंटिमीटर घेरासाठी असते. याखेरीज कपाळापासून डोक्यावरून मानेपर्यंत आणि एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत, अशी आणखी दोन मापे घ्यावीत. घेर जुळूनही विग बसत नाही तेव्हा सहसा या दोहोंपैकी एक चुकलेले असते.

केमोथेरपी सुरू होण्याआधी, केस असतानाच विग निवडून ठेवावा असा सल्ला दिला जातो. रंग आणि ठेवण जुळवण्यासाठी तो योग्यच आहे. परंतु तेव्हा घेतलेले माप केसांच्या थरासकटचे असते आणि केस गेल्यावर तोच विग ढिला होतो. त्यामुळे मागे घट्ट करण्याची सोय भरपूर असलेला विग घ्यावा आणि केस पूर्ण गेल्यावर पुन्हा माप घेऊन तो कमी करून घ्यावा.

विग कोणत्या दिशेने सरकतो यावरून दोष ओळखता येतो. दिवसभरात कपाळावरची कड हळूहळू मागे जात असेल किंवा मान हलवली की अख्खा विग डोक्याभोवती फिरत असेल, तर तो मोठा आहे. मानेवरची कड वर चढत असेल आणि त्यासोबत पुढचा भाग उचलला जात असेल, तर तो लहान किंवा उथळ आहे. असा विग कितीही आवळला तरी वरच जाणार, आणि आवळण्याने तो आणखी वेगाने वर जातो. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, हाताला हाडाचा एक उंचवटा लागतो. विगची मागची कड या उंचवट्याच्या खाली उतरून तिथल्या खळग्यात बसली पाहिजे. केस नसलेल्या डोक्यावर विगला अडून राहायला हीच एक नैसर्गिक जागा आहे. विग विकत घेताना ती कड कुठे येते हे बोटाने चाचपून पाहावे, आरशात दिसणाऱ्या केसांकडे नंतर बघावे.

मग दुकानातच तीन गोष्टी करून पाहाव्यात. मोठ्यांच्या पाया पडताना वाकतो तसे पूर्ण खाली वाकावे आणि पुन्हा ताठ उभे राहावे. तोंड पूर्ण उघडून जांभई द्यावी आणि काही चावल्यासारखे जबडे हलवावेत, कारण चावताना कानशिलावरचा स्नायू फुगतो आणि ढिला विग प्रत्येक घासाला एक-एक केसभर वर ढकलला जातो. शेवटी कपाळाशी आणि कानामागे अस्तराखाली करंगळी घालून पाहावी. ती थोड्या प्रयत्नाने आत जायला हवी. सहज जात असेल तर विग ढिला, आणि जातच नसेल तर तासाभरात डोके दुखणार हे नक्की.

मागच्या बाजूला अस्तरात इलास्टिकच्या दोन पट्ट्या असतात. त्या हुकाने किंवा वेल्क्रोने आवळता येतात. दोन्ही बाजू सारख्याच आवळाव्यात, नाहीतर विग एका अंगाला ओढला जातो. वेल्क्रोची खरखरीत बाजू उघडी राहिली तर मानेला खरचटते, म्हणून हुकाची सोय अधिक चांगली. पट्ट्या पूर्ण आवळूनही ढिलेपणा राहिला, तर शिवणकाम येणाऱ्या व्यक्तीकडून कानामागच्या भागात अस्तराला आतून बारीक चुण्या घालून घ्याव्यात. टाके केसांच्या शिवलेल्या पट्ट्यांच्या शिवणीलाच धरावेत. मधल्या जाळीत किंवा लेसमध्ये, म्हणजे काही विगांना पुढे असते त्या पातळ जाळीदार कापडात, सुई घातली तर ती फाटते. शिलाई मशीन वापरू नये, हाताने टाके घालावेत.

आतली बाजू

विग निवडताना सगळे जण केसांकडे पाहतात. केस नसलेल्या माणसाने तो आधी उलटा करून अस्तर पाहावे, कारण दिवसभर त्याच्या त्वचेला लागणार आहे ते अस्तर. साधा, स्वस्त विग म्हणजे इलास्टिकच्या जाळीवर आडव्या ओळींनी शिवलेल्या केसांच्या पट्ट्या. यातून हवा खेळते, पण प्रत्येक शिवण उघड्या डोक्याला लागते. असा विग आतली टोपी न घालता वापरू नये. मोनोफिलामेंट प्रकारात टाळूवरच्या भागाला अगदी पातळ, अर्धपारदर्शक कापड असते आणि त्यात एकेक केस गाठवलेला असतो, त्यामुळे भांग पाडला तर खालून त्वचा दिसल्यासारखी वाटते. त्या गाठी काहींना खाजतात. पूर्ण हाताने गाठवलेला विग सर्वांत मऊ आणि लवचीक, परंतु महाग. पुढे लेस असलेल्या विगमध्ये कपाळावरची केसांची कड नैसर्गिक दिसते. केस नसलेल्या माणसाला, विशेषतः ज्याला केस मागे घ्यायचे आहेत त्याला, याचा फायदा मोठा आहे, पण ती लेस नाजूक असते आणि सपाट राहण्यासाठी तिला बहुधा चिकटपट्टी लागते.

केस पूर्ण गेलेल्यांसाठीच केलेला आणखी एक प्रकार आहे. डोक्याचा साचा घेऊन त्या मापाचे सिलिकॉनचे किंवा पॉलियुरेथेनचे अस्तर तयार करतात. ते डोक्यावर दाबून आतली हवा बाहेर काढली की ते त्वचेला धरून बसते आणि चिकट पदार्थाची गरज बहुधा उरत नाही. पोहणे, व्यायाम, वारा या सगळ्यांत तो टिकतो. मात्र तो जड असतो, त्यातून हवा जात नाही, किंमत फार असते आणि त्याला डोके पूर्ण गुळगुळीत लागते. खुंट उगवले की पकड सुटते. चाईमुळे वर्षानुवर्षे केस नसलेल्यांनी त्याचा विचार जरूर करावा. काही महिन्यांच्या केमोथेरपीसाठी हा खर्च करू नये.

क्लिपा शिवलेला विग आवडला असेल तर त्या उसवून काढाव्यात. टाके उसवण्याच्या लहान हत्याराने वरचा एक-एक दोरा तोडावा, क्लिप ओढून काढू नये. त्यांच्या जागी अस्तराला मखमली फितीचा तुकडा, लव त्वचेकडे येईल असा, शिवून घ्यावा. सगळ्या कपाळभर आणि मानेच्या कडेला अशी फीत लावलेला विग कोणत्याही वेगळ्या पट्ट्याशिवायही बऱ्यापैकी धरतो.

केस खरे घ्यावेत की कृत्रिम, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात, आणि आरामाच्या दृष्टीने तो सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. कृत्रिम केस हलके असतात, धुतल्यावर आपली ठेवण राखतात, रोज वापरले तर साधारण चार-सहा महिन्यांत टोकांना राठ होतात. खरे केस अधिक जड असतात, त्यांची निगा स्वतःच्या केसांसारखीच करावी लागते, पण ते जास्त टिकतात आणि त्यांना उष्णता चालते. लांबीचे मात्र नीट ठरवावे. कमरेपर्यंतच्या केसांचे वजन विगला सतत मागे ओढते आणि खाली धरून ठेवणारे काही नसल्यामुळे ती ओढ सगळी कपाळावरच्या कडेवर येते. पहिला विग खांद्याच्या वर राहील एवढा आखूड आणि कृत्रिम केसांचा घ्यावा, असे मी सुचवेन. सवय झाल्यावर लांब केसांचा विचार करता येतो. पैशांची अडचण असेल तर रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे चौकशी करावी, कारण कर्करोगाच्या रुग्णांना विनामूल्य विग देणाऱ्या संस्थांची माहिती त्यांच्याकडे बहुधा असते.

डोके आणि विग यांच्यामध्ये काय घालावे

विगखाली घालण्यासाठी नायलॉनच्या मोज्यासारखी ताणणारी टोपी सगळीकडे मिळते. ती स्वतःचे केस दाबून ठेवण्यासाठी आहे. गुळगुळीत डोक्यावर गुळगुळीत नायलॉन घातले की विग टोपीसकट घसरतो, म्हणून ती टाळावी. पातळ सुती किंवा बांबूच्या धाग्याची, शक्यतो बिनशिवणीची टोपी घ्यावी. ती घाम टिपते, अस्तराच्या शिवणी लागू देत नाही आणि रोज बदलता येते. अशा निदान चार-पाच टोप्या जवळ असाव्यात.

पकड देणारी वस्तू म्हणजे ग्रिपचा पट्टा. तो दोन प्रकारचा मिळतो. मखमली पट्ट्याला दोन्ही बाजूंनी आखूड लव असते; एक बाजू त्वचेला धरते, दुसरी अस्तराला. सिलिकॉनचा पट्टा त्याहून घट्ट धरतो, पण त्याच्याखाली घाम साचतो, त्यामुळे दमट हवेत तो भोके पाडलेला असेल तरच सुसह्य होतो. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या हवेत मी मखमली पट्टा पसंत करेन. कोरड्या हवेच्या गावी किंवा धावपळीच्या दिवशी सिलिकॉन. पट्टा कपाळावर केस सुरू होण्याच्या जागेपासून किंचित मागे ठेवून, कानांच्या वरून नेऊन मागे त्या हाडाच्या उंचवट्याखाली बंद करावा. तो जितका मागे खाली उतरेल तितका चांगला. घट्टपणा एवढाच असावा की काढल्यावर त्वचेवर पडलेली खूण थोड्या वेळात नाहीशी होईल. टोपी आणि पट्टा दोन्ही वापरायचे असतील तर पट्टा त्वचेला लागला पाहिजे, म्हणून टोपीची कड पट्ट्याच्या मागे संपवावी. पट्टा टोपीवरून बांधला तर तो टोपीला धरेल, डोक्याला नाही.

डोक्याला तेल लावण्याची आपली सवय इथे आड येते. खोबरेल तेल त्वचेला चांगले आहे, पण तेल राहिलेल्या डोक्यावर पट्टाही धरत नाही आणि टेपही. तेल रात्री लावावे आणि सकाळी सौम्य साबणाने किंवा शाम्पूने डोके धुऊन पूर्ण कोरडे करावे. टाल्कम पावडरही विग घालण्यापूर्वी टाळावी. तिने घाम थोडा कमी वाटतो, पण विग घसरतो.

चिकटपट्टी

एवढे करूनही लेसची कड उचलली जात असेल, किंवा लग्न, नाटक, नृत्य असा काही प्रसंग असेल, तर त्वचेसाठी बनवलेली दोन्ही बाजूंनी चिकटणारी विगची टेप वापरावी. स्टेशनरीच्या दुकानातली डबल टेप किंवा घरगुती गोंद कधीही वापरू नये. रंगभूषाकार दाढीमिशा लावायला स्पिरिट गम वापरतात. तो एका प्रयोगापुरता ठीक आहे, रोजच्या वापराला त्वचेला सोसत नाही.

पहिल्यांदा वापरण्यापूर्वी टेपचा लहान तुकडा कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला लावून २४ ते ४८ तास वाट पाहावी. लाली, खाज किंवा फोड आल्यास ती टेप आपल्यासाठी नाही. केमोथेरपी चालू असताना, डोक्यावर रेडिएशन घेतलेले असताना किंवा त्वचेवर जखम अथवा पुरळ असताना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही चिकटवू नये. या काळात त्वचा सहज सोलवटते आणि पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतील तर लहानशा जखमेतूनही संसर्ग होऊ शकतो.

लावताना दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे पुरतात: एक कपाळाच्या मध्यभागी, एकेक दोन्ही कानशिलांवर आणि हवा असल्यास एक मानेशी. सलग लांब पट्टी लावली तर घामाला वाट मिळत नाही आणि ती एकदम सुटते. टेप आधी विगच्या कडेला लावावी, विग जागेवर आणावा, मगच वरचा कागद ओढून काढावा आणि बोटाने अर्धा मिनिट दाबून धरावे. काढताना विग कधीही खसकन ओढू नये. टेपच्या कडेला कापसाने थोडे तेल किंवा टेप सोडवण्याचे द्रावण लावून दोन-तीन मिनिटे थांबावे. ती आपोआप सैल होते. नंतर डोके धुवावे आणि रात्रभर त्वचा मोकळी ठेवावी.

रोज विग घालताना

विग उलटा धरून हलके झटकावा. अस्तराला लेबल लावलेली बाजू मागची. पोहण्याची टोपी घालतात तसा तो दोन्ही हातांनी पुढून कपाळावर टेकवावा, गरजेपेक्षा थोडा खाली, आणि मग मागचा भाग मानेपर्यंत ओढून बसवावा. यानंतर दोन्ही हातांची बोटे कानापुढे येणाऱ्या दोन लहान पट्ट्यांवर ठेवावीत. त्या दोन्ही कानांपासून सारख्या अंतरावर आल्या की विग सरळ बसला असे समजावे. अनेक विगांमध्ये या पट्ट्यांत पातळ, वाकणारी काडी असते. ती आपल्या कानशिलाच्या वळणाप्रमाणे आत दाबून घ्यावी, म्हणजे बाजूने पाहणाऱ्याला तिथे फट दिसत नाही. पट्ट्या कानावर चढल्या तर दुपारपर्यंत कानाचा वरचा भाग दुखू लागतो. चष्मा असेल तर त्याच्या काड्या या पट्ट्यांवरून आणि विगच्या केसांखालून जाव्यात. चष्म्याने विगला थोडा आधारच मिळतो.

कपाळावर विग किती खाली असावा याचा अंदाज लोक भुवईपासून चार बोटे असा घेतात. पण भुवयाही गेल्या असतील तर मोजायचे कुठून? डोळ्यांच्या वरच्या हाडाची कड बोटाने चाचपावी आणि तिथून स्वतःचीच चार बोटे वर मोजावीत. आरशात पाहून कपाळ उंचवावे, म्हणजे आडव्या आठ्या पडतात. विगची कड सर्वांत वरच्या आठीच्याही थोडी वर असली पाहिजे. तिच्याखाली आली तर प्रत्येक हावभावाबरोबर विग हलेल, आणि विग आहे हे समोरच्याला कळण्याचे कारण बहुधा हेच असते. ज्यांना भुवया नाहीत त्यांचा घाम कपाळावरून थेट डोळ्यांत उतरतो. त्यांनी कपाळाशी घाम टिपणारा पट्टा निवडावा आणि खिशात रुमाल ठेवावा.

सुरुवातीला घरातच दोन-तीन तास विग घालून वावरावे. वाकून केर काढावा, जेवावे, फोनवर बोलावे. जिथे टोचते, जिथे खूण उमटते, ते बाहेर जाण्याआधी कळलेले बरे.

स्वयंपाकघर, निरांजन, हेल्मेट

साधे कृत्रिम केस उष्णतेने आकसतात आणि त्यांची टोके वितळून कुरळी, राठ होतात. ते पुन्हा पूर्ववत होत नाहीत. प्रत्यक्ष ज्योत लागायचीही गरज नसते. कुकरचे झाकण उघडताना येणारी वाफ, ओव्हनच्या दाराशी वाकून पाहणे किंवा तळणीच्या कढईवर झुकणे एवढ्याने पुढच्या बटा खराब होतात. घरी स्वयंपाक करताना विग काढून सुती टोपी किंवा रुमाल बांधावा, हे सर्वांत सोपे. घरात पाहुणे असल्यामुळे विग घालावाच लागला, तर केस मागे घेऊन त्यावर सुती रुमाल घट्ट बांधावा. आरती घेताना आपण निरांजनावर तळवे धरून ते डोळ्यांना लावतो, तेव्हा मान खाली जाते आणि पुढच्या बटा ज्योतीकडे झुकतात. आरती घेताना ताट जरा लांब धरायला सांगावे आणि ओणवे होऊ नये.

गजरा माळायचा असेल तर तो हलका असावा आणि आकडा केसांच्या शिवलेल्या पट्टीतच अडकवावा. पातळ जाळीला अडकवलेला आकडा तिला भोक पाडतो आणि खुपतो. भरगच्च ओल्या गजऱ्याच्या वजनाने विग मागे ओढला जातो.

हेल्मेट चढवताना नव्हे, काढताना विग सोबत निघतो. पुण्यात दुचाकीवरच्या बायका चेहरा आणि डोक्यावरून स्कार्फ बांधून त्यावर हेल्मेट घालतात. ती पद्धत इथे उपयोगी पडते. स्कार्फ सॅटिनसारख्या सुळसुळीत कापडाचा असावा, म्हणजे हेल्मेट त्यावरून घसरून निघते आणि विग जागेवर राहतो. रोज लांबचा प्रवास असेल तर मात्र सुती टोपीवर हेल्मेट घालावे, विग डब्यात ठेवून न्यावा आणि पोहोचल्यावर घालावा. कोणत्याही परिस्थितीत विगसाठी हेल्मेटचा पट्टा सैल ठेवू नये.

लोकलच्या गर्दीत लांब केस दुसऱ्याच्या बॅगेच्या चेनमध्ये किंवा बांगडीत अडकतात. अशा प्रवासात ते सैल बांधून पुढे घ्यावेत. एमआरआय तपासणीपूर्वी विग काढावा लागतो, कारण त्यात हुक, काड्या किंवा क्लिपा धातूच्या असू शकतात. तंत्रज्ञाला आधी सांगितले तर आत जाईपर्यंत डोक्यावर रुमाल ठेवता येतो. विमानतळावर तपासणीच्या वेळी शंका घेतली गेली तर आडोशाला तपासणी करण्याची विनंती करावी.

घाम, धुणे आणि खालची त्वचा

केस असलेल्या डोक्यावर घाम केसांत मुरतो. केस नसले की तो सरळ अस्तरात उतरतो, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात विग लवकर धुवावा लागतो. कृत्रिम विग आठ-दहा वेळा वापरल्यावर धुवावा असे सर्वसाधारणपणे सांगतात. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात किंवा किनारपट्टीवर रोज वापरणाऱ्याने तो आठवड्यातून एकदा धुवावा. आतली टोपी आणि पट्टा मात्र रोज धुवायचा. बाहेर असताना दुपारी एकदा प्रसाधनगृहात विग काढून डोके ओल्या आणि मग कोरड्या रुमालाने पुसावे आणि टोपी बदलावी. पाच मिनिटांचे काम आहे, पण त्याने उरलेला दिवस सुसह्य होतो.

धुण्यापूर्वी विग मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांपासून वर असा विंचरावा. बादलीत थंड पाणी घेऊन त्यात थोडा सौम्य शाम्पू मिसळावा आणि विग पाच मिनिटे बुडवून ठेवावा. चोळू नये, पिळू नये. अस्तराची कपाळाकडची आणि मानेची कड बोटांनी हलके दाबून साफ करावी, कारण मळ तिथेच साचतो. स्वच्छ पाण्यात दोनदा बुडवून काढावा आणि टॉवेलात गुंडाळून दाबावा. बोअरवेलचे पाणी जड असेल तर शेवटचे पाणी पिण्याचे वापरावे. खऱ्या केसांना कंडिशनर लावताना तो अस्तराच्या गाठींपासून दूर ठेवावा, नाहीतर गाठी सैल होऊन केस निसटतात. वाळवण्यासाठी विगचे स्टँड नसेल तर उंच, अरुंद डबा उपडा ठेवून त्यावर जुना पंचा गुंडाळावा. डोक्याएवढ्या रुंद वस्तूवर ओला विग चढवला तर इलास्टिक ताणून सैल होते. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली वाळवू नये. पंख्याखाली सावलीत ठेवावा. पावसाळ्यात एक विग पूर्ण वाळायला दीड-दोन दिवसही लागतात आणि ओलसर अस्तर घातले तर त्वचेला बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता असते. रोज वापरणाऱ्याने म्हणूनच एका महागड्या विगऐवजी दोन मध्यम किमतीचे घेणे शहाणपणाचे.

रात्री विग काढावाच. डोके कोमट पाण्याने धुऊन साधे मलम किंवा तेल लावावे. उघड्या डोक्याने उन्हात जायचे झाले तर टोपी घालावी किंवा सनस्क्रीन लावावे, कारण या त्वचेला उन्हाची सवय नसते. विगच्या कडेखाली पुटकुळ्या, पू, न थांबणारी खाज किंवा दुसऱ्या दिवशीही न जाणारी लाली दिसली, तर काही दिवस विग बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. केमोथेरपी चालू असताना ताप आणि डोक्यावर जखम असे दोन्ही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधावा.

चांगला बसणारा विग काही महिन्यांनी पुन्हा सरकू लागला, तर आधी मागची इलास्टिक ताणून पाहावी. ती परत आखडत नसेल तर शिंप्याकडून बदलून घ्यावी. सगळा विग टाकून देण्याची गरज नसते. आणि केस परत उगवू लागले, तर पहिल्याच आठवड्यात टेप बंद करावी, कारण ती निघताना कोवळे केस मुळासकट ओढते. सिलिकॉनचे अस्तरही आता धरणार नाही. उलट ते दोन-तीन मिलिमीटरचे खुंट मखमली पट्ट्याला गुळगुळीत त्वचेपेक्षा अधिक चांगली पकड देतात, त्यामुळे पट्टा एक हुक सैल करून विग तसाच वापरत राहता येतो. केस वाढतील तसा घेर वाढत जातो आणि मागच्या पट्ट्याही थोड्या थोड्या सोडाव्या लागतात.